कोंबड्या नसल्याचा पुरावा

दप्तरदारांच्या हातून आयुष्यात अविचार असा एकदाच घडला, आणि तोसुद्धा भरल्या पोटी. उपाशी माणसाचं डोकं फिरतं हे समजू शकतं. पण बहिणीच्या घरी रविवारी आडवा हात मारून जेवल्यावर, हात पुसता पुसता एखाद्याने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यावा, याला काय म्हणायचं?

दप्तरदार हे त्यांचं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्याच्या दप्तरखान्यात अठ्ठावीस वर्षं कागद सांभाळले म्हणून लोक त्यांना तसं म्हणत, आणि त्यांच्या बायकोला ओघानेच दप्तरदारीणबाई. त्यांना ‘बाळ्या’ म्हणणारी जगात एकच व्यक्ती उरली होती, ती म्हणजे ताई. ताई मोठ्या इस्पितळात मुलांच्या वॉर्डची मुख्य नर्स होती आणि चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर महिन्याभरात निवृत्त होणार होती. इस्पितळ तिला निरोप देणार होतं. त्या निरोपासाठी भावोजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, भिंतीवरचं एक घड्याळ घेतलं होतं आणि जेवताना चौथ्यांदा ते त्याचं वर्णन करत होते.

“दर तासाला वेगळा पक्षी बोलतो. पाचला कोकीळ, सहाला कोंबडा, सातला घुबड. बारा तास, बारा पक्षी. बरं, तुम्ही काय देणार दप्तरदार? फाइल?”

हा ‘फाइल’ शब्द नसता तर पुढचं काही घडलं नसतं.

“मी गाणं देणार,” दप्तरदार म्हणाले. “स्वतः तयार केलेलं. घरच्या कॉम्प्युटरवर.”

दप्तरदारीणबाईंनी नवऱ्याच्या ताटाकडे पाहिलं, की यांनी खाल्लं तरी काय. भावोजींनी मात्र क्षणाचाही विलंब न लावता इस्पितळाच्या कारकुनाला फोन केला. चार दिवसांत कार्यक्रमपत्रिका छापून आली. तीत अध्यक्षांच्या भाषणाच्या खाली ठळक अक्षरांत होतं : ‘सायं. ५.४० : सत्कारमूर्तींच्या बंधूंचे स्वनिर्मित संगीत.’ छापील कागदाबाहेर जायची दप्तरदारांची हिंमत नव्हती. तोंडी शब्द फिरवता येतो, कागद फिरवता येत नाही.

आता खरं सांगायचं तर दप्तरदारांच्या मनात हे गाणं बरेच दिवस होतं. आई गेली तेव्हा ते सहा वर्षांचे होते आणि ताई तेरा. त्या वर्षी त्यांना झोप लागेना, तेव्हा ताई त्यांना मांडीवर घेऊन एक चाल गुणगुणायची. शब्द नव्हते, नुसती गुणगुण. पुढे तीच चाल घेऊन ती वॉर्डात गेली आणि चौतीस वर्षं परक्यांच्या पोरांना झोपवत राहिली. याबद्दल दप्तरदार तिला कधी एक अक्षर बोलले नव्हते. बोलायला गेलं की ते नळाला पाणी कमी दाबाने का येतं यावर बोलू लागायचे. तोंडाने जे जमलं नाही ते या गाण्यातून एकदाचं सांगून टाकायचं, हा त्यांचा बेत होता. फक्त संगीत येत नव्हतं, एवढीच काय ती अडचण. पण दाताच्या डॉक्टरांकडे बसल्या बसल्या त्यांनी एका मासिकात ‘घरबसल्या संगीतनिर्मिती : फक्त सात पायऱ्या’ असा लेख वाचला होता. सातच पायऱ्या. त्यांच्या कचेरीत नळजोडणीच्या अर्जाला एकोणीस होत्या.

मागच्या खोलीतला कॉम्प्युटर तोवर दप्तरदारीणबाईंच्या पत्त्यांच्या खेळासाठी राखीव होता. त्यावर दप्तरदारांनी संगीताचं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि माइक व पट्ट्यांचा कीबोर्ड आणायला ते दुकानात गेले.

“कुठल्या प्रकारचं म्युझिक करता, काका?” दुकानदाराने विचारलं.

“घरगुती,” दप्तरदार म्हणाले.

दुकानदाराने त्यांना आदराने खुर्ची दिली आणि दुकानात बरीच वर्षं पडून असलेला कीबोर्ड दिला.

सॉफ्टवेअर उघडलं तेव्हा पडद्यावर इतकी बटणं दिसली की दप्तरदारांनी आधी चष्मा पुसला. पण थोड्याच वेळात त्यांना त्यात ओळखीच्या खुणा दिसू लागल्या. प्रत्येक वाद्याला एक आडवी पट्टी, तिला ट्रॅक म्हणायचं. एकाखाली एक ट्रॅक, म्हणजे फडताळातले कप्पेच. वाद्यांची यादी चारशेची. त्यांतून त्यांनी दहा निवडली : व्हायोलिनं, बासरी, तीन प्रकारचे ढोल, घंटा, गिटार, पियानो, एक नावही उच्चारता न येणारं वाद्य, आणि समुद्राच्या लाटा. लाटांचा ताईशी काही संबंध नव्हता, पण यादीत होत्या.

कीबोर्डची एक खोड होती. पट्टी दाबली की आवाज लगेच येत नसे. जरा थांबून, विचार केल्यासारखा येई. दुसरा कोणी असता तर दुरुस्तीवाल्याकडे धावला असता. पण ज्या माणसाने अठ्ठावीस वर्षं सरकारी कचेरीत काढली, त्याला आज दाबलं आणि मागाहून उत्तर आलं यात वावगं काय वाटणार? उलट उत्तर त्याच दिवशी येतं याचं त्यांना कौतुक वाटलं. बरं, ती ढिलाई तरी रोज सारखी असावी! कधी पाव सेकंद, कधी पाऊण. खालच्या मजल्यावर कपडे धुण्याचं मशीन लागलं की त्याहूनही जास्त, असं दप्तरदारांचं निरीक्षण होतं. तेवढं त्यांनी वहीत टिपून ठेवलं आणि पुढे गेले.

त्यांच्या कामाची एक पद्धत होती. टेबलावर एका वेळी एकच फाइल. ती निकालात निघाली की बंद करायची, फडताळात टाकायची, मगच दुसरी उघडायची. या एका नियमावर त्यांच्या दप्तरखान्यातून अठ्ठावीस वर्षांत एक कागद हरवला नव्हता. सॉफ्टवेअरमध्येही प्रत्येक ट्रॅकला एक छोटं बटण होतं. ते दाबलं की ट्रॅक करडा पडून गप्प होई. ‘झाली फाइल बंद,’ म्हणत दप्तरदार एकेक वाद्य मनासारखं वाजवून करडं करत गेले. दहा वाद्यं त्यांनी अशी दहा संध्याकाळी, एकेकटी, दुसऱ्याची कुणकुण लागू न देता वाजवली.

“सगळं मिळून कसं वाटतं ते एकदा ऐका तरी,” दप्तरदारीणबाई म्हणाल्या.

“अगं, सीलबंद पाकीट कोणी आधी फोडून बघतं का? ताईच्या समोरच ऐकायचं, सगळ्यांनी एकदम.”

“मग मी आत्ताच सांगून ठेवते, मी मागच्या रांगेत बसणार.”

उरली मुख्य चाल. ती स्वतः गुणगुणायची असं दप्तरदारांनी ठरवलं होतं. पण माइकमध्ये पंख्याची घरघर येई, रस्त्यावरचे हॉर्न येत, नळाचा सूंऽ आवाज येई आणि या सगळ्यातून वेळ मिळाला तर दप्तरदार येत. लेखाची सहावी पायरी सांगत होती : ‘शांत जागा निवडा.’ दप्तरदारांनी घरभर फिरून शोध घेतला. घरातली सर्वांत शांत जागा त्याच मागच्या खोलीतलं कपड्यांचं कपाट निघाली. मग काय, खालचा खण रिकामा करून ते उशी घेऊन आत बसले, माइक गुडघ्यांत धरला, वायर फटीतून बाहेर काढली आणि दार ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरसमोर कपाट आपोआप उघडलं आणि आतून एक पोक्त गृहस्थ टॉवेल झटकत बाहेर आले. प्लंबर पान्हा तिथेच टाकून गेला, तो पुन्हा आला नाही.

इथे शेजारच्या ड्रिलमास्तरांचा प्रवेश होतो. शाळेत तीस वर्षं कवायत शिकवल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नसे आणि कुठल्याही विषयातलं कळत नाही असंही कधी होत नसे.

“कपाटात काय बसता लपून! भिंतींना अंड्यांचे ट्रे लावा! कागदी! आवाज शोषून घेतात! आमच्या शाळेच्या बॅन्डला आम्ही तेच केलं होतं!”

“उपयोग झाला?”

“बॅन्ड बंद पडला! पण ट्रे उत्तम होते!”

मग कोपऱ्यावरच्या अंडीवाल्याकडून दप्तरदारांनी साठ रिकामे ट्रे आणले. एका फेरीत मावेनात म्हणून चार फेऱ्या केल्या, आणि त्या चारही फेऱ्या इमारतीने गच्च्यांतून, खिडक्यांतून, दाराच्या भिंगांतून पाहिल्या. ट्रे भिंतींना चिकटले, कपाटाच्या दारावरही लागले. एका ट्रेमधून एक पीस निघालं, ते वाऱ्याने जिन्यात गेलं. तिसऱ्या दिवशी दारावर सोसायटीच्या सेक्रेटरींची नोटीस लागली.

सेक्रेटरी वरच्याच मजल्यावर राहत. ते कुठल्याशा नोंदणी कार्यालयातून निवृत्त झाले होते, पण कार्यालय त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. नोटीस अशी : ‘सदनिका क्र. ७ मध्ये विनापरवाना कुक्कुटपालन सुरू असल्याचे निदर्शनास आले आहे. तीन दिवसांत खुलासा करावा.’

दप्तरदारांना अपमान झोंबला, पण नोटिशीची भाषा आवडली. त्यांनी तीन पानी खुलासा लिहिला, संदर्भ क्रमांक घातला, परिशिष्ट ‘अ’ म्हणून एक ट्रे जोडला. गाण्याला दोन संध्याकाळ हात लागला नाही, पण खुलासा देखणा झाला. त्यावर उत्तर आलं : ‘खुलासा समाधानकारक नाही. ट्रे आहेत हे आपणच मान्य केले आहे. कोंबड्या नसल्याचा पुरावा सादर करावा.’

आता कोंबडी असल्याचा पुरावा कोणीही देईल. नसल्याचा कसा देणार? दप्तरदारांनी आयुष्यभर लोकांकडून असलेच दाखले मागितले होते, राहत नसल्याचा, थकबाकी नसल्याचा, दुसरा नळ नसल्याचा. त्या सगळ्या लोकांचे चेहरे त्यांना पहिल्यांदाच आठवले. ‘समिती प्रत्यक्ष पाहणी करेल,’ असा शेवटी निर्णय झाला. पाहणीचा दिवस शनिवार, दुपारी चार. समारंभ रविवारी.

शनिवारी दुपारपर्यंत दप्तरदारांचे गुणगुणण्याचे अकरा प्रयत्न झाले होते. अकरावा बरा होता, म्हणजे निदान तो माणसाचा वाटत होता. तरी त्यांनी बारावा घ्यायचं ठरवलं. ध्वनिमुद्रणाचं लाल बटण दाबलं, कपाटात शिरले, “प्रयत्न बारावा” असं म्हणाले आणि दाराची घंटा वाजली.

दारात समिती उभी होती : सेक्रेटरी, साक्षीदार म्हणून ड्रिलमास्तर, आणि सेक्रेटरींच्या कडेवर त्यांची दीड वर्षाची नात. मुलगी आणि जावई बाहेरगावी गेल्याने नात आठवडाभर आजोबांकडे होती, आणि आठवडाभर तिने दुपारी डोळा मिटला नव्हता. ती टाहो फोडत होती. आणि समितीच्या मागून जिना चढत आली ताई, हातात रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन. दप्तरदारीणबाईंनी तिला फोन केला होता : ‘ताई, हे कपाटात बसून कण्हतात. तुम्ही एकदा बघून जा.’

“कोंबड्या कुठे आहेत?” सेक्रेटरींनी नातीच्या वरताण आवाजात विचारलं.

“नाहीत!”

“नाहीत तर मग पीस कुठून आलं?”

“अहो, ते ट्रेबरोबर आलं!”

“हळू बोला रे!” ताईने एवढंच म्हटलं. तिने सेक्रेटरींच्या कडेवरून पोर उचलून घेतली. “पोर गांगरून गेलीय तुमच्या ओरडण्यानं. कुठली खोली शांत आहे?” आणि उत्तराची वाट न बघता ती मागच्या खोलीत शिरली, दार लोटून घेतलं.

बाहेर पाहणी सुरू झाली. सेक्रेटरींनी पलंगाखाली पाहिलं, न्हाणीघरात पाहिलं, फ्रिजमध्ये पाहिलं. फ्रिजमध्ये सहा अंडी मिळाली, ती वेगळी नोंदली गेली. शेवटी दप्तरदारांचा संयम सुटला आणि ते आयुष्यात कधी ओरडले नव्हते असे ओरडले. थोड्या वेळाने मागच्या खोलीचं दार उघडून ताई बाहेर आली. तिच्या खांद्यावर नात गाढ झोपली होती. सेक्रेटरी बघतच राहिले. पोरीला त्यांनी उजव्या खांद्यावर घेतलं, अहवालावर ‘कोंबड्या आढळल्या नाहीत’ असं डाव्या हाताने कसंबसं लिहिलं आणि कुजबुजत म्हणाले, “बाई, हे तुम्ही कसं केलंत?”

“उद्या समारंभाला या, तिथे बोलू,” ताई म्हणाली. मग तिने भावाचा रक्तदाब मोजला, यंत्राकडे पाहून मान हलवली आणि गेली.

दप्तरदार खोलीत आले तर लाल दिवा तसाच जळत होता. त्यांनी तो बंद केला. बारावा प्रयत्न राहिला तर राहिला, अकरावा आहेच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. नवं मुद्रण झालं की त्या ट्रॅकवरचं जुनं पुसलं जातं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. दप्तरात नवा कागद आला तर जुना त्याच्या खाली राहतो, पळून जात नाही. त्यांनी सातव्या पायरीबरहुकूम सगळं गाणं एका फाइलीत बांधलं, पेनड्राइव्हवर घेतलं, पाकिटात घालून पाकीट डकवलं आणि डकवलेल्या जागी सही केली. दहा ट्रॅक करडे होते. ते करडे असताना गाण्यात बांधले जात नाहीत, हे लेखात लिहिलं होतं, पण पान उलटल्यावर.

रविवारी इस्पितळाचं सभागृह भरलं होतं. नर्सा होत्या, डॉक्टर होते, कधीकाळी त्या वॉर्डात राहून गेलेली आणि आता मिशा फुटलेली मुलं होती. भावोजींचं घड्याळ व्यासपीठावर मध्यभागी टांगलं होतं. अध्यक्ष लांबले. सहाला आठ मिनिटं कमी असताना दप्तरदारांचं नाव पुकारलं गेलं. त्यांनी पाकीट साउंडवाल्याच्या हाती दिलं. साउंडवाल्याने ते फाडलं, पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं आणि तो चहाला निघून गेला.

दप्तरदार व्यासपीठावर उभे राहिले. आता व्हायोलिनं येणार.

“प्रयत्न बारावा,” सभागृह त्यांच्याच आवाजात म्हणालं. मग घंटा. मग कपाटाचं दार करकरलं. मग पोराचा टाहो, पावलं, दार लोटल्याचा आवाज, आणि लांबून पण स्पष्ट : “मी सांगतो ना, माझ्या घरात एकही कोंबडी नाही!”

सभागृह कोसळलं. अध्यक्ष हसता हसता टेबलावर पडले. दप्तरदारांनी साउंडवाल्याकडे धाव घेतली, पण तिथे नुसतं टेबल होतं आणि टेबलावर त्या माणसाशिवाय कोणाला न कळणारी दोनशे बटणं. मागच्या रांगेत दप्तरदारीणबाईंनी पदर तोंडावर घेतला होता. ताईसमोर, चौतीस वर्षांच्या शेवटच्या दिवशी, तिचं हसं केलं आपण. यापेक्षा फाइल दिली असती तर बरं होतं, असं दप्तरदारांना वाटलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात टाहो थांबला. आणि गुणगुण सुरू झाली.

साठ ट्रे लावलेल्या खोलीत ती अशी जवळून, अशी स्वच्छ उतरली होती, की कोणीतरी कानाशीच बसून गुणगुणतंय असं वाटावं. हसू एकेका रांगेतून विझत गेलं. पहिल्या रांगेतली एक म्हातारी नर्स त्यात आपला सूर मिसळू लागली. मग तिच्या शेजारची. मग मागे भिंतीशी उभा असलेला एक दाढीवाला माणूस, ज्याला बहुधा स्वतःलाही ठाऊक नव्हतं की आपल्याला ही चाल येते. सगळं सभागृह तोंड न उघडता गुणगुणत होतं आणि ताई खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली होती.

गुणगुण थांबली. ध्वनिमुद्रणातली ताई हलक्या आवाजात पोरीला म्हणाली : “झोप हं राणी. तो बाहेर ओरडतोय ना, तो माझा बाळ्या. तोसुद्धा असाच रडायचा. त्याच्यासाठीच केली ही चाल मी, त्याला झोपवायला. पुढे सगळ्यांना पुरली. आता मोठा झालाय. कपाटात बसतो.”

कोणी हसलं नाही. कोणी टाळीही वाजवली नाही. त्या शांततेत बरोबर सहा वाजले आणि घड्याळातला कोंबडा खणखणीत आरवला.

तिसऱ्या रांगेत सेक्रेटरी ताडकन उभे राहिले. “मी म्हटलं नव्हतं?”

मग जे हसू फुटलं त्यात ताई सगळ्यांत जोरात हसत होती, आणि रडतही होती. दप्तरदार तिच्यापाशी गेले. बोलायचं खूप होतं.

“ताई,” ते म्हणाले, “तुमच्याकडे पाण्याचा दाब...”

“कळलं रे,” ताई म्हणाली आणि तिने त्यांचा हात धरला.

त्या आठवड्यात ताई मुद्दाम घरी आली, राहिलेली दहा वाद्यं ऐकायला. दप्तरदारांनी सगळ्या फाइली प्रथमच एकदम उघडल्या. व्हायोलिनं पुढे पळत होती, बासरी त्यांना शोधत मागून येत होती, तिन्ही ढोल तीन वेगळ्या गावांना निघाले होते आणि वरून लाटा आपटत होत्या. ताईने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “बाळ्या, तुझी एका वेळी एक फाइल हीच पद्धत बरी.”

दुसऱ्या दिवशी दारावर पुन्हा नोटीस. ‘आपल्याकडील ध्वनिमुद्रणाची एक प्रत मिळावी. कारण : नात. कोंबड्यांसंबंधीचा मजकूर वगळल्यास बरे.’ दप्तरदारांनी प्रत तत्काळ दिली. मजकूर वगळायला मात्र ठाम नकार कळवला : ‘अभिलेखात खाडाखोड करता येत नाही.’

तेव्हापासून रविवारी दुपारी दोनच्या सुमाराला वरून छतातून आवाज येतो. आधी “एकही कोंबडी नाही!” त्यावर नात खिदळते. मग गुणगुण सुरू होते. नात नक्की कधी झोपते ते दप्तरदारांना सांगता येणार नाही. दप्तरदारीणबाई म्हणतात, तिच्याआधी हेच खुर्चीत मान टाकतात.